श्रेणीनिहाय निधन

'निधन' या एका शब्दातून जावकरावांच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या: हेडक्लार्कचे पद, त्या पदाबरोबर येणारे खिडकीजवळचे टेबल आणि मेहुण्यासमोर मान ताठ ठेवण्याची सोय. तिसरी त्यांना सगळ्यात मोलाची वाटे. मेहुणा चार वर्षांनी लहान, आणि दोन वर्षांपासून हातांच्या साहेबी खुर्चीत बसत होता.

जावकराव पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून. त्यांचे खरे नाव पगारपत्रकात होते आणि ते तिथेच राहिले. आलेले पत्र आवकेत चढवायचे, गेलेले जावकेत, हे त्यांचे काम. कार्यालयातले कोणी कायमचे गेले तर तेही एका अर्थी जावकच, म्हणून जिन्याखालच्या फलकावर शोकसूचना लावण्याचे कामही त्यांच्याकडेच आले होते. काळी चौकट आखून, रुंद निबाने ते अशी सूचना लिहीत, की वाचणाऱ्याला क्षणभर हेवाच वाटावा.

ही कला त्यांना थोरल्यांनी शिकवली. थोरले म्हणजे बावीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेले हेडक्लार्क. जाताना त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक तक्ता जावकरावांना दाखवला होता. अधिकारी: अख्खा ताव, 'देहावसान'. कारकून: अर्धा ताव, 'निधन'. फिटर, पंपवाले, शिपाई: पाव ताव, 'वारले'. जावकरावांनी तो तक्ता डोळ्यांत तेल घालून पाळला. पुढे कागद मागावा तेवढा मिळू लागला, तरी ते पट्टी लावून पात्याने तावाचे चार तुकडे करतच राहिले. कोणाची तक्रार कधी आली नाही. ज्यांची यायची, ते करण्याच्या स्थितीत नसत.

कार्यालयाला पन्नास वर्षे झाली आणि नव्या कार्यालयप्रमुख मॅडमनी स्मरणिका काढायचे ठरवले. हेडक्लार्कची जागा रिकामीच होती. जो लेख नीट लिहील त्याला मसुदे नीट जमतील, तेव्हा त्याचा विचार आधी होईल, असे मॅडम म्हणाल्या. जावकरावांनी घरी येऊन बायकोला सांगून टाकले, की जागा झाली म्हणून समज, भावाला जेवायला बोलाव. ती म्हणाली, आधी लेख होऊ दे, भात काय पाऊण तासात होतो.

तीन रविवार शब्दकोश उशाशी घेऊन जावकरावांनी लेख लिहिला: 'आपल्या फलकावरील मृत्यूवाचक शब्द: अर्थ व उगम'. त्यात त्यांनी सप्रमाण दाखवले, की अवसान म्हणजे मुळात जुंपलेले घोडे सोडून विसावा घेण्याची जागा. 'निधन' या शब्दाचा धन संपण्याशी लोक उगीच संबंध जोडतात. त्याचा अर्थ मुक्कामी येऊन बसणे, आणि जुन्या सामगायनात गाण्याच्या शेवटच्या भागालाही निधन म्हणत, जो भाग सगळे गायक एकत्र म्हणत. इथवर लेख सुरेख होता. इथेच पेन ठेवायचे! पण जावकरावांना भारदस्त शेवट हवा होता. त्यांनी थोरल्यांचा तक्ता मापांसकट उतरवून काढला आणि खाली लिहिले: 'आपल्या कार्यालयाने ही उतरंड शब्दांच्या अर्थाचा खोल विचार करून लावली आहे.'

बायकोने ऐकले आणि विचारले, "मी गेले तर मला केवढा कागद?"

जावकरावांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. "तू कार्यालयाच्या कक्षेत येत नाहीस," ते म्हणाले.

मॅडमनी सगळे लेख दुरुस्त्या सुचवण्यासाठी फलकावर लावले. अकरा वाजता जिन्याखाली दोघे होते, सव्वाअकराला अकरा, आणि साडेअकराला टायपिस्टबाई जावकरावांच्या टेबलाशी उभ्या होत्या. आपण कारकून श्रेणीत येतो, म्हणजे अर्धा ताव. तर तो उभा कापणार की आडवा, एवढेच त्यांना विचारायचे होते. स्टोअरकीपरला कळले, की आपली बढती डिसेंबरात आहे. तोवर काही झाले तर जुन्या मापात जावे लागेल. त्याने त्या दिवसापासून जिना चढताना कठडा धरायला सुरुवात केली. पंपवाल्यांनी तर चहा घेताना एकमेकांना विचारायला सुरुवात केली, की काय रे, कधी वारतोस?

हे सगळे जावकरावांनी हसण्यावारी नेले. फिटर मात्र सगळे पांगेपर्यंत थांबला.

"त्या अवसानाचं जरा सांगा," तो म्हणाला. "घोडे सोडायचे ते साहेबांचे? जुंपलेलो आम्ही होतो ना?"

जावकराव व्युत्पत्ती सांगू लागले. फिटरने ती पूर्ण होऊ दिली.

"माझे वडील इथंच पंपावर होते. त्यांची सूचना तुम्हीच लिहिली होती. मी तो कागद मागून नेला, घरी जपून ठेवलाय. तळहाताएवढा आहे." त्याने तळहात उघडून दाखवला. "मला इतकी वर्षं वाटायचं, तुमच्याकडे त्या दिवशी कागद नसेल."



दुसऱ्या दिवशी त्यांनी फलकावर लिहिले, की यापुढे सर्वांना अख्खा ताव आणि सर्वांना 'निधन'. आग विझवायला गेले आणि हातात रॉकेल निघाले. इंजिनियर खाली आले. तीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला शेवटी काही वेगळे मिळू नये का, असे त्यांचे शांतपणे म्हणणे होते. देहावसान हा त्यांचा सेवाशर्तींतला हक्क होता. मग निवृत्त मंडळी येऊ लागली. मग जे येऊ शकत नव्हते त्यांच्या बायका आल्या. एकीने सांगितले, की ह्यांना पाव तावात घातलंत, पण ह्यांचं नावच पाच अक्षरी, ते दोन ओळींत तोडावं लागलं होतं. फाइल काढली तर तसेच होते.

मॅडमनी जावकरावांना बोलावले. शुक्रवारपर्यंत हे मिटले नाही तर जागेचा विचार विसरा, असे सांगितले. आणि तक्ता ज्यांनी केला त्यांनाच विचारू, म्हणून थोरल्यांना निरोप धाडला.

जावकरावांचा जीव भांड्यात पडला. थोरले येतील, उतरंडीमागचा खोल विचार चार वाक्यांत मांडतील, लेखही वाचेल आणि टेबलही. शुक्रवारी थोरले मुलीच्या हाताला धरून आले. ऐंशी वर्षांचे, कोट तोच. जिन्याखाली सगळे जमले. थोरल्यांनी जाड भिंगातून लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले.

"जावक, हे कुठून काढलंस?"

"तुमच्याच तक्त्यावरून, साहेब."

"अरे, वर्षाला एक दस्ता पांढरा कागद यायचा. चोवीस ताव. त्यात साहेबांच्या सूचनेची प्रत वर पाठवावी लागे, म्हणून तिला अख्खा. उरलेल्यांत बाकीचे सगळे: कारकून मोजके, त्यांना अर्धा; फिटर-पंपवाले पुष्कळ, त्यांना पाव. पाव तावावर देहावसान लिहून बघ, खाली नावाला जागाच राहत नाही. नाव लांबून दिसायला हवं ना? म्हणून शब्द आखूड घेतला." त्यांनी आजूबाजूला पाहिले. "पुढं कागद मिळायला लागला असेल की."

कागदांच्या कपाटाची किल्ली जावकरावांच्याच खिशात होती, आणि कपाटात चाळीस दस्ते होते.

लेख स्मरणिकेतून वगळला गेला. टेबल टायपिस्टबाईंना मिळाले. तक्त्याला काही कारण दिसत नाही, असे पेन्सिलीने दुरुस्त्यांच्या कागदावर लिहिणाऱ्या त्या एकट्याच होत्या. जावकरावांनी कुरकुर केली नाही. त्यांनी जुनी फाइल काढली, कापलेल्या कागदांवरची सदतीस नावे मोजली, आणि एक दस्ता घेऊन जिन्याखालीच स्टूल टाकले. चोविसाव्या नावानंतर दुसरा दस्ता आणावा लागला.

पहिला ताव फिटरच्या वडिलांचा. चौकट आखून झाल्यावर त्यांनी फिटरला बोलावले आणि म्हणाले, बघ, इथे 'निधन' येईल.

फिटरने बराच वेळ कागद पाहिला. "वडील वारलेच हो, जावकराव. निधन वगैरे त्यांना झेपलं नसतं. ते 'वारले'च राहू द्या. कागद मात्र सगळा घ्या."

जावकरावांनी नाव वीतभर उंचीचे काढले. काढता काढता त्यांना आठवले, की हा पंपवाला रोज सकाळी ओल्या बाह्यांनी त्यांच्या टेबलाशी यायचा आणि विचारायचा, माझं काही पत्र? त्याला कधीच पत्र येत नसे. जावकराव मान न वर करता 'नाही' म्हणत. अकरा वर्षे रोज 'नाही' म्हटले, आणि माणूस गेल्यावर तक्त्यात बघून चार ओळी लिहिल्या. ते फिटरला सांगताना त्यांचा निब कागदावर थांबला आणि शाईचा ठिपका पडला. फिटर म्हणाला, राहू द्या तो.

मग एकेका नावापाशी कोणी ना कोणी थांबू लागले. स्टोअरकीपर म्हणाला, या शिपायाने मला सायकल शिकवली. टायपिस्टबाईंना एका पंपवाल्याची शिट्टी आठवली; ती त्यांनी वाजवूनही दाखवली. इंजिनियर एका नावाशी आले, चष्मा काढला, पुसला आणि परत वर गेले. थोड्या वेळाने स्वतःची चांगली शाई घेऊन खाली आले.

सात दिवस हे चालले. शेवटी हिशेब असा लागला: सदतीस जणांना अख्खा ताव मिळाला, त्यांच्या घरच्यांना वाचता येईल एवढे नाव मिळाले, आणि बावीस वर्षे करायचा राहून गेलेला शोक सगळ्या कार्यालयाने मिळून, कार्यालयीन वेळेत केला. सात दिवसांची पत्रे तुंबल्याचा मेमो मात्र एकट्या जावकरावांना आला. त्यांनी तो आवकेत चढवला. त्या आठवड्यातली तेवढीच नोंद आहे.