निर्मळ पाण्याचा अहवाल

महिन्याच्या पहिल्या तारखेला तात्या पाण्याचा नमुना घेत. कोळसा भरण्याच्या तळामुळे जमिनीतलं पाणी बिघडतंय का, हे कळावं म्हणून तिथे एक तपासणीची विहीर खणलेली होती. विहीर होती कोळशाच्या ढिगापलीकडे, चारशे पावलांवर. आणि गुडघे होते तात्यांचे. म्हणून गेली सहा वर्षं तात्या बाटली ऑफिसातल्या फिल्टरखाली धरत, तिच्यावर ‘तपासणी विहीर’ अशी सुवाच्य चिठ्ठी डकवत आणि प्रयोगशाळेकडे धाडून देत. अहवाल येई, ‘पाणी निर्मळ.’ साहेब न वाचता सही करत. देवाच्या दयेनं सगळं सुरळीत चाललं होतं.

एके दिवशी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं.

“तात्या, आपलं कौतुक केलंय,” साहेब म्हणाले आणि मोठ्यानं वाचू लागले. “आपल्या विहिरीचे पाणी विकतच्या पाण्याहून शुद्ध असल्याचे दिसते. सबब पाण्याचे जार बंद करून सदर विहीर ऑफिसला व कामगार वसाहतीला महिन्याभरात जोडावी.”

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वसाहतीतल्या तिसऱ्या खोलीत त्यांची बायको राहत होती. त्यांनी दार लोटून घेतलं आणि साहेबांपुढे सगळं कबूल केलं.

“म्हणजे सहा वर्षं तुम्ही फिल्टरचं पाणी तपासून घेतलंत?”

“हो. तेही शुद्धच निघालं, साहेब.”

“मग कळवून टाका की चूक झाली.”

“कळवतो. खाली सही तुमची आहे, तेवढं सांगून ठेवतो.”

मग दोघांनी मिळून असा निर्णय घेतला, जो त्या तळावर आजवर कुणाला सुचला नव्हता: पाणी खरंच स्वच्छ करायचं.

कामाला लागल्यावर एकेक गोष्ट उघडी पडू लागली. ढिगाखालची फरशी जागोजागी फुटली होती आणि काळं पाणी सरळ जमिनीत मुरत होतं. ते अडवणारं गटार कोळशाच्या भुकटीनं असं भरलं होतं, की लोडरवाला त्याला इतके दिवस रस्ता समजत होता. राहता राहिला मातीचा बांध. तळ बांधताना शेताची वरची सुपीक माती खरवडून वेगळी राखून ठेवायची आणि पुढे अशा कामाला वापरायची, असा नियम होता. कागदोपत्री ती ताडपत्रीखाली सुखरूप होती.

“माती कुठाय?” तात्यांनी विचारलं.

साहेबांनी घसा खाकरला. माती साहेबांच्या बंगल्यासमोर होती. तिच्यात चाळीस गुलाब फुलले होते.

गुलाब कुंड्यांत गेले, माती बांधावर आली. पंधरा दिवस सगळा तळ खपला. पहिली तारीख आली तेव्हा तात्या गुडघ्याला पट्टा बांधून जन्मात पहिल्यांदा विहिरीवर गेले आणि खरा नमुना घेऊन आले. जन्मभराचं पाप धुतलं गेल्यासारखं त्यांना वाटलं. पाणी मात्र धुतल्यासारखं दिसत नव्हतं. सहा वर्षांचं मुरलेलं पंधरा दिवसांत कसं निघणार?

‘पाणी दूषित’ असा अहवाल आणि केलेल्या कामांची यादी मुख्य कार्यालयाकडे गेली. उत्तर आठवड्यात आलं. “सहा वर्षे निर्मळ असलेले पाणी आपण संरक्षणाची कामे सुरू करताच बिघडले. सदर कामे तत्काळ थांबवून सर्व काही पूर्ववत करावे.”

“आणि नळजोडणी?” तात्यांनी विचारलं.

“तो विभाग वेगळा,” साहेब म्हणाले. “त्यांचं काम कालच पूर्ण झालं.”

माती गुलाबांकडे परतली. साहेबांनी आपल्या घरापुरता पाण्याचा जार गुपचूप चालू ठेवला. त्या संध्याकाळी तात्यांच्या बायकोनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तळाशी काळा साका बसला होता.

“प्या,” ती म्हणाली.

“अगं, हे कसं पिऊ?”

“का? बाटलीवरची चिठ्ठी तुमच्याच अक्षरात जाते ना? घरोघर हेच आलंय. दुसऱ्या खोलीतल्या वहिनींनी तर पोराला आंघोळ घालून पुन्हा पुसून काढलं.”

पेला उचलून तिनं कळशीत ओतला, कळशी कमरेवर घेतली आणि शेजारणींना हाका मारल्या. सात जणी सात कळश्या घेऊन साहेबांच्या फाटकाशी गेल्या.

साहेबांच्या बाई बाहेर आल्या. “काय गं, काय झालं?”

“काही नाही, बाई. चांगलं पाणी मिळालंय. म्हटलं, आधी तुमच्या गुलाबांना घालावं.”

बाईंना गहिवरून आलं. सातही जणी रोज येऊ लागल्या. बाई रोज आभार मानू लागल्या.

दहाव्या दिवशी गुलाबांची पानं करपली. पंधराव्या दिवशी कळ्या गळल्या. त्या रात्री बंगल्यात काय बोलणं झालं ते ठाऊक नाही, पण सकाळी साहेब ऑफिसात सर्वांच्या आधी हजर होते आणि गटार, फरशी, बांध अशी सगळी कामं पुन्हा सुरू करण्याचा अर्ज लिहीत होते. ‘कारण’ या रकान्यापाशी ते थबकले. वसाहतीनं त्या पंधरवड्यात केलेल्या दोन अर्जांतलं कामगारांच्या पिण्याच्या पाण्याचं कारण दोन्ही वेळा नामंजूर झालं होतं. त्यांनी लिहिलं: ‘बागेचे नुकसान.’

मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली.