वखारीचं पान

आमच्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात एका निवृत्त मुख्याध्यापकांची शोकसभा होती. वक्ते रंगात आले होते. "सरांसारखा प्रेमळ माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नाही," असं ते म्हणाले आणि शेवटच्या रांगेतून शांत आवाज आला, "संदर्भ द्या."

सगळ्यांच्या माना वळल्या. हनीफ सर चष्मा पुसत बसले होते. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. त्यांना खरोखरच संदर्भ हवा होता. मुख्याध्यापकांच्या छड्या खाल्लेल्या दोघातिघांनी रुमाल तोंडाला लावले, आणि वक्त्यांनी भाषण आटोपतं घेतलं.

मी खामगावातल्या या वाचनालयाची ग्रंथपाल. हनीफ सर आमचे जुने सभासद. पूर्वी त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटरचे दिवस संपले तेव्हा हा माणूस पन्नाशीला आला होता. त्यांनी आमच्याकडचीच पुस्तकं नेऊन संगणक शिकून घेतला. पुस्तकं परत यायची तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, "इथे चूक आहे. मी करून पाहिलं." दंड करावा की आभार मानावेत, मला कळायचं नाही.

त्यातून त्यांनी लहान दुकानदारांसाठी एक प्रोग्राम तयार केला. त्याचं नाव 'वखार'. सगळा मराठीत. माल कोणता आला, कोणाला गेला, कोणत्या पाकिटाचा नंबर काय, सगळं त्यात. आणि पूर्ण फुकट. पिशवीत सीड्या घालून सर एसटीनं मोताळ्याला, मेहकरला जायचे आणि दुकानात स्वतः बसवून द्यायचे. पण फुकट म्हटलं की माणूस बिचकतो. "फुकट हाय म्हनजे आत कायतरी असन," असं म्हणून मेहकरच्या एका दुकानदारानं त्यांना तीनदा परत पाठवलं. चौथ्या वेळी सर म्हणाले, "याची किंमत एक कप चहा." दुकानदारानं तेव्हा लगेच घेतला, वर विचारलं, "अर्ध्यात नाही जमत का?"

इंटरनेटवर कुणीही लिहावा असा एक ज्ञानकोश आहे. त्यात सरांनी 'वखार'चं पान लिहिलं. तिसऱ्या दिवशी पानाच्या डोक्यावर पाटी लागली. हा विषय ज्ञानकोशात असण्याइतका उल्लेखनीय आहे का याची शंका आहे, विश्वसनीय संदर्भ न मिळाल्यास लेख वगळण्यात येईल. सर त्याची छापील प्रत घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"ताई, उल्लेखनीय म्हनजे काय हो?"

मी समजावलं. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी त्याबद्दल लिहिलेलं हवं, पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात.

"मोताळ्यापासून मेहकरपर्यंत दुकानदार वापरून राह्यले, थे?"

"ते चालत नाही."

"म्हनजे वापरल्याले किंमत नाही, छापल्याले हाय." त्यांनी प्रत टेबलावर ठेवली. "तुमी खरं बोलता म्हनून विचारतो. लायक हाय का नाही आपली वखार?"

"नियमानं पाहिलं तर नाही, सर."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. पण त्या दिवसापासून त्यांना ते संदर्भाचं वेड लागलं; ती शोकसभाही त्याच दिवसांतली. टपरीवाला म्हणाला, "आज नळ येनार," की "संदर्भ?" वाणी म्हणाला, "डाळ कालच आली," की "संदर्भ?" घरी त्यांच्या बायकोनं सांगितलं, तब्येतीला मीठ चांगलं नाही. यांनी तिथंही विचारलं. त्यावर भाभींनी आठवडाभर अळणी भाजी वाढली आणि म्हणाल्या, "हा घ्या संदर्भ."

रोज अकराला सर आमच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत बसू लागले. 'वखार'चा उल्लेख कुठंतरी सापडेल म्हणून एकेक अंक उलटायचे. बोटं काळी व्हायची. कापसाच्या बातम्यांनीच ते अंक भरलेले होते. सुरुवातीच्या अंकांत बीटी बियाण्यासाठी दुकानांपुढच्या रांगा, नव्या वाणांच्या पानभर जाहिराती. पुढच्या अंकांत त्याच गावांची नावं, पण दुसऱ्याच कारणांनी. सर ती पानं घाईनं उलटायचे.

तिकडे ज्ञानकोशात चर्चा चालली होती. टोपणनावांची माणसं मत देत होती. एकानं लिहिलं, "जाहिरात वाटते." हे सरांना फार लागलं. "फुकट वस्तूची जाहिरात कोन करते, ताई? हवेची करते का कोनी?"

मग त्यांनी एक घोळ केला. सगळ्या दुकानदारांना आपल्या घरी बोलावलं, आपल्याच संगणकावर एकेकाचं खातं उघडलं आणि मत टाकायला लावलं. सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं, "लेख ठेवावा, वखार फार चांगलि आहे," त्यातल्या ऱ्हस्व 'लि'सकट. संध्याकाळपर्यंत ज्ञानकोशवाल्यांनी निकाल दिला की ही सर्व खाती एकाच व्यक्तीची आहेत, आणि सगळी बंद केली. मेहकरचा तो दुकानदार मला एसटी स्टँडवर भेटला तेव्हा फार गोंधळला होता. "मॅडम, मी एकच मानूस हावो हे मले मालूम व्हतं. पन आमी सगळे मिळून एकच?"

त्यानंतर चारच दिवसांनी संदर्भ सापडला, आणि तो मला सापडला. गुलाबी बोंडअळीच्या वर्षातली बातमी होती. मोताळा तालुक्यातल्या एका गावाचा अख्खा कापूस गेला होता. एका कृषी केंद्रानं संगणकावरच्या पावत्या दिलेल्या असल्यामुळे बियाण्याचे लॉट नंबर मिळाले आणि पंचनामे होऊ शकले, असं त्यात छापलं होतं. 'वखार'चं नाव नव्हतं, पण त्या भागात दुसरा प्रोग्राम होताच कुठला? मी अंक घेऊन जवळजवळ धावतच गेले.

सरांनी बातमी वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ थांबले. मग अंकाची घडी घातली.

"हे नको, ताई."

"अहो, हाच तर पुरावा आहे!"

"नको."

मला वाटलं, नाव नाही म्हणून हिरमुसले. मी म्हटलं, इथल्या साप्ताहिकात मी पुस्तकांवर लिहिते, एकदा 'वखार'वर लिहीन, म्हणजे तुम्हाला संदर्भ मिळेल. त्यांचे डोळे क्षणभर चमकले. मग त्यांनी मान हलवली. "तुमी माह्या सांगन्यावरून लिहान, अन् मी त्याचा दाखला देईन. म्हनजे मीच माही गवाही. तसं नाही करायचं."

सोमवारी पान वगळलं गेलं. सर अकराला आले, पण वर्तमानपत्रांच्या खोलीत गेले नाहीत. माझ्या टेबलासमोर बसून राहिले. मी तोवर त्या बातमीची शेवटची ओळ वाचून ठेवली होती. विक्रीचं सगळं काम दुकानातील नोकर प्रभाकर बघत असे, असं कृषी केंद्राच्या मालकानं सांगितलं होतं. आणि सरांच्या पानाची पहिली ओळ होती, 'वखार'चे निर्माते प्रभाकर आणि हनीफ. प्रभाकर आधी.

"सर, हे प्रभाकर तेच का?"

"तोच." त्यांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि परत ठेवली. "बीटी नवी नवी आली तवा त्यानं आपल्याच गावाले पाकिटं विकली. निम्म्या वावरात बोंडच नाही लागलं. लोक विचारत, कोनतं पाकीट दिलं बे? याले सांगता येईना. मंग थो माह्याकडं आला. म्हने, असं काही करा की पाकिटाचा नंबर हारपला नाही पाह्यजे. दोन वर्सं रोज मोताळ्याहून यायचा. दुकान त्याच्या डोक्यातलं, मशीन माह्या हातातलं."

"मग?"

"मंग बोंडअळी आली. पावत्या होत्या. गावाचं काम झालं. पन पावतीवर विकनाऱ्याचं नाव होतं, ताई. थे नाव टाकायची अक्कल माही. म्हटलं, जबाबदारी पाह्यजे. मालकानं हात वर केले, अन् लोकं पावत्या घेऊन याच्या दारात. सख्ख्या चुलत्यानं पावती त्याच्या तोंडावर फेकली. एक दिवस सकाळच्या गाडीत बसला, त्याचा पत्ता नाही. पेपरात त्याले नोकर लिवलं. मले निर्माता लिवायचं होतं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कुठी असन तिथं कधीतरी इंटरनेटवर आपलं नाव टाकून पाह्यन की नाही? सारेच पाह्यतात."

जाताना त्यांनी विचारलं, बाजाराच्या दिवशी मोताळ्याला येता का. मी गेले.

बाजारातून सरांनी गूळ आणि पालक घेतला, आणि आम्ही पलीकडच्या गावी प्रभाकरच्या आईकडे गेलो. दर आठवड्याला ते येतात हे घराच्या कुत्र्याकडे पाहूनच कळत होतं. ते भुंकलंही नाही. म्हातारी सुपात तूर पाखडत होती. तिनं पिशवी घेतली, मला पाट दिला.

"लागलं का पान, मास्तर?"

"लागलं होतं. काढलं त्यायनं."

"काय होतं त्यात? वाचा बरं."

सरांनी खिशातून छापील प्रत काढली आणि मोठ्यानं वाचू लागले. वर्गात वाचतात तसं, एकेक शब्द तोडून. निर्माते प्रभाकर. ती सूप मांडीवर ठेवून ऐकत होती. वाचून झालं तेव्हा तिनं विचारलं, "याच्यात घरी ये म्हनून कुठी लिवेल हाय?"

"तसं लिवू देत नाहीत, माय. झालं तेवढंच लिवू देतात."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

"मंग आल्यावर लिवा," ती म्हणाली.

"हाव," हनीफ सर म्हणाले.