सुभेदारांचं चूलबंद आवतण

"आपल्या गल्लीतला धूर मी हद्दपार करणार! लिहून ठेवा!" असं सुभेदार हंबीररावांनी भर चौकात सांगितलं, तेव्हा माधवनगरात रॉकेलसाठी रांगा लागत होत्या आणि रांगेतली माणसं कुणाचंही काहीही ऐकून घेत होती. लिहून मात्र कुणी ठेवलं नाही, हे पुढं फार बरं झालं.

हंबीरराव मूळचे मेढ्याकडचे. सारी उमेद पलटणीत गेली. पेन्शनवर आल्यावर इथल्या गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याचे मुख्य झाले. लोकांना ते सांगायचे, धुराविरुद्धचं हे सगळं देशासाठी चाललंय! खरं कारण घरात खोकत होतं. त्यांच्या बायकोची, चंद्राबाईंची, छाती धुरानं पार धरली होती. "चुलीपुढं बसल्या तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही," असं सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा सरहद्दीवर असताना या बाईनं एकटीनं चूल फुंकून पोरं वाढवली, सासूसासऱ्यांचं केलं आणि पत्रात कधी खोकल्याचा ख येऊ दिला नाही. ते आठवलं की हंबीरराव भरल्या ताटावरून उठत.

त्यांनी तिच्यापुरता स्टोव्ह आणायचं काढलं, तर चंद्राबाई उसळल्या. "गल्लीतल्या समद्या बाया चूल फुकत्यात. मी एकटीच काय म्हाराणी हाय व्हय?"

"मग समद्यास्नीच म्हाराणी करतो!" हंबीरराव म्हणाले.

असं ते 'निर्धूर केंद्र' निघालं. धरणेंद्र पाटलांनी आपल्या गोठ्यामागची जागा दिली, शेणही त्यांच्याच म्हशींचं. खड्डा बांधून काढला, त्यात शेणकाला भरला, वर लोखंडी टाकी पालथी घातली. गॅस साठला की टाकी आपोआप वर यायची. शेजारी सगळ्या गल्लीचं मिळून एक स्वयंपाकघर, ओट्यावर दोन दांडग्या शेगड्या. बायांनी पाळीपाळीनं येऊन रांधायचं आणि उरलेला काला परसातल्या भाजीला घालायचा. शेण जाळणं म्हणजे हंबीररावांच्या लेखी आता देशद्रोह होता. कुणी शेणी थापताना दिसलं की ते लांबूनच गरजायचे.

पाटील मात्र व्यवहारी माणूस. "सुभेदार, पयल्या दिवशी बायका आल्या तर जागा तुमची. न्हाई आल्या तर मी तिथं म्हशी बांधणार!"

आणि बायका काही यायला तयार होईनात. "शेनाच्या गॅसवरची भाकरी वास मारती म्हनं!" असं शेजारच्या साळूबाईंनी नळावर सांगितलं होतं. नळावर सांगितलेलं खोटं ठरवणं भल्याभल्यांना जमत नाही. सांगलीचे साहेब उद्घाटनाला यायचे, त्याच्या आदल्या दिवशी हंबीररावांनी शेवटी दवंडीवाल्या धुळाला बोलावलं आणि पलटणीतल्यासारखा हुकूम सोडला.

"सांग, उद्या सांजच्याला चूल बंद! समद्या गल्लीनं केंद्रावर यायचं!"

धुळा त्यांच्याकडं बघतच राहिला. "चूलबंद? समद्या गल्लीला?"

"समद्या गल्लीला! एकाबी घरात चूल पेटता कामा न्हाई!"

"लय मोठं काळीज हाय तुमचं, सुभेदार!" म्हणत धुळा हलगी बडवत गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत गल्ली लोटली! बाया आल्या, बाप्ये आले, पोरंटोरं आली, कुणाकुणाकडं आलेले पाहुणेही आले. सगळ्यांच्या अंगावर धुतलेली कापडं आणि हातात ताट-तांब्या. पदकं लावून उभ्या असलेल्या हंबीररावांचा ऊर भरून आला. ताटं बहुधा भाकरी घरी न्यायला आणली असतील, असं त्यांना वाटलं. पीठ मात्र कुणीच आणलं नव्हतं. मग माणसं रांगा धरून मांडी घालून बसली, तशा चंद्राबाई लगबगीनं नवऱ्यापाशी आल्या.

"आवं, दवंडीत काय सांगितलंसा?"

"चूल बंद!"

चंद्राबाईंनी कपाळावर हात मारला. "आवं, चूलबंद आवतान म्हंजे घरातल्या समद्यास्नी जेवान! त्या घरात त्या दिशी चूल पेटवायची न्हाई, समद्यांनी आपल्याकडं यायचं!"

"आमच्या पलटणीत तर..."

"पलटणीत कोन दितंय चूलबंद? गावातल्या एका तरी कार्याला तुमी हुता का?"

हे हंबीररावांना लागलं, कारण ते खरं होतं. "चूक झाली म्हणून सांगू का त्यास्नी?"

"आवतान दिऊन माघारी लावायचं? मग गल्लीत तोंड दावायला नगो!"

तेवढ्यात धरणेंद्र पाटील बायकोला, राजमतीला, आणि म्हाताऱ्या आईला घेऊन पोचले. "सुभेदार, पंगत कवा? आमी जैन, दिवस मावळल्यावर जेवत न्हाई. म्हातारीनं तर सकाळपास्नं पोट रिकामं ठेवलंय!"

आता आली का पंचाईत! तांदूळ-डाळ आणायला वाण्याकडं माणूस धाडावा, तर वाणी पहिल्याच रांगेत ताट घेऊन बसलेला. त्याला उठवून दुकान उघडायला लावलं. भाताचा हंडा शेगडीवर चढला, गॅस पेटला, टाळ्या पडल्या. पण एवढ्या हंड्याखाली ती निळी ज्योत कुठं दिसेचना.

"दाब कमी पडतोय," गिरणीतला फिटर गुंडा म्हणाला. "टाकीवर वजन द्या."

"चढा!" हंबीरराव ओरडले. चार वजनदार गडी टाकीवर चढले आणि काय सांगावं, ज्योत फरफरत हंड्याच्या कानाला लागली! गल्लीनं जयजयकार केला. हंबीररावांनी सलाम ठोकला. सलामाचा हात खाली येतो न येतो तोच टाकी गड्यांसकट तळाला टेकली. सगळा गॅस संपला, पाण्याला नुसता कढ आला होता आणि चौघेजण पोटऱ्यांपर्यंत शेणकाल्यात उभे होते.

"सुभेदार, दिवस चाललाय!" पाटील म्हणाले.

"आमच्या माळ्यावर शेणी हाईत," राजमती हळूच म्हणाली. "तुमच्याच भ्यानं लपवून ठेवल्यात्या."

टाकीपासून लांब, अंगणात तीन दगड मांडले. चंद्राबाईंनी पदर खोचला आणि सवयीनं फुंकणीला हात घातला. हंबीररावांनी ती हिसकावून घेतली.

"तू न्हाई बसायचं! मी हाय न्हवं!"

साहेबांसाठी मांडलेली खुर्ची त्यांनी उचलली, धूर येणार नाही अशा बाजूला नेली, चंद्राबाईंना तीत बसवलं आणि स्वतः पदकांसकट चुलीपुढं उकिडवे बसले. "फुकनी तिरकी धरा! राख उडतीया!" खुर्चीतून हुकूम सुटत होते. पहिल्याच फुंकरीत धूर घशात गेला, दुसरीत डोळ्यांत. हंबीररावांनी गोळ्यांचा आवाज ऐकला होता, बर्फात पहारे केले होते; पण हे असलं काम बायको रोज दोन वेळा, जन्मभर करत आली, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांना लाज वाटली, तिच्याविषयी फार माया दाटून आली, आणि ते चक्क रडले. धूर होता म्हणून ते खपून गेलं.

दिवस असतानाच पहिली पंगत उठली. पाटलांनी हात धुता धुता सांगून टाकलं, "बायका आल्या! सबूद म्हंजे सबूद. म्हशी न्हाई बांधत!" आणि साळूबाईंनी भातासाठी तिसऱ्यांदा ताट पुढं केलं. वासाचं त्या काही बोलल्या नाहीत.

तेवढ्यात सांगलीहून उद्घाटनाच्या साहेबांची जीप आली. साहेबांनी आधी गल्लीवर नजर टाकली. एकाही घराच्या कौलातून धुराची रेघ नव्हती! असं त्यांनी आजवर कुठंच पाहिलं नव्हतं. मग ते वळले. सगळ्या माधवनगरात धूर निघत होता तो फक्त निर्धूर केंद्रातून.

"सुभेदार," साहेब जपून म्हणाले, "प्रयोग कसा काय चाललाय?"

हंबीररावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि त्यांना जो ठसका लागला, तो काही केल्या थांबेना.

चंद्राबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "झ्याक चाललाय, सायेब! माझा खोकला बदली हुन ह्यांच्याकडं गेलाय!"