शेवटच्या भागाविरुद्ध मागणीपत्र

तुळजाराव काकांनी आयुष्यात एकाही विनोदी मालिकेचा शेवटचा भाग पाहिलेला नाही. दोनशे भाग पोट धरून हसतील, हसता हसता चहा गार करतील, आणि शेवटून दुसरा भाग संपला की रिमोट ओढून घेतील. "पोदुम!" म्हणजे पुरे. हा शब्द तमिळ आहे, असं त्यांना सांगून बघा. तंजावरच्या मराठीचा अपमान केल्याबद्दल तासभर ऐकून घ्यावं लागेल.

चेन्नईत नुंगंबाक्कमला आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटेच राहतात. मी आठ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. आईबाबा ऑफिसात, म्हणून शाळा सुटली की मी काकांच्या सोफ्यावर. माझं मराठी तिथेच बिघडलं, असं आई म्हणते. त्यांचं माझ्यामुळे बिघडलं, असं काका म्हणतात.

आता मी 'फूटपाथ मोकळे करा', 'तळी वाचवा' अशी पत्रकं लिहून वाटते. असला पळपुटेपणा मला कसा चालणार? "काका, शेवटाला घाबरणं हा निव्वळ भेकडपणा आहे!"

"विनोदी म्हणून सांगतात आणि शेवटी काय? धाकटी शहाणी होते, पेटी भरते, सगळे रडतात, रिकाम्या खोलीतला दिवा बंद! अय्यो, फसवणूक नव्हे हे? तूच लिही ग, पत्रक."

काका मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. म्हणून चॅनेलला द्यायचं मागणीपत्र मीच लिहिलं, निव्वळ टवाळी म्हणून. 'मागणी एक: धाकट्या पात्राला मोठं करू नये. मागणी दोन: करायचंच झालं, तर घरात ठेवून करावं.' काकांनी चष्मा पुसून गंभीरपणे सही ठोकली. पाठवलं कुठेच नाही. फ्रिजवर चिकटवलं.

गेल्या महिन्यात मला मदुराईला तळ्यांच्या मोहिमेत नोकरी लागली. धावत खाली जाऊन सांगितलं.

"कधी?"

"रविवारी दुपारची गाडी."

"पोदुम," म्हणाले आणि टीव्ही बंद केला. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

पुढे आठवडाभर तो विषयच नाही. मला फक्त त्यांच्या तोंडून 'जाऊन ये' ऐकायचं होतं. या शहरात कोपऱ्यावरची फुलवालीसुद्धा 'जा' म्हणत नाही, 'जाऊन ये' म्हणते. पण हे तोंड उघडतील तर ना!

रविवारी एग्मोर स्टेशनवर सोडायला आले. दहीभाताच्या डब्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, खिडकी नीट बंद होते का ते तीनदा पाहिलं, आणि गाडी सुटायला दहा मिनिटं असताना उठले. "पोदुम." मागे वळूनही न बघता चालते झाले. म्हणजे जिवंत माणसांनासुद्धा रिमोट! तांबरम येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याविरुद्ध अख्खं पत्रक लिहून काढलं होतं, ठळक मथळ्यासकट.

मग भूक लागली. डब्याच्या पिशवीत तळाशी घडी केलेला कागद होता. फ्रिजवरचा. मागणी एक तांबड्या शाईने पूर्ण खोडलेली. मागणी दोनमधले 'घरात ठेवून' हे दोनच शब्द खोडलेले, आणि त्यांच्यावर तमिळ अक्षरांत, मराठीत: 'पोंगलला घरी पाठवून'.