बोअर या शब्दावरून तोफा भरल्या गेल्या त्याची हकीकत

श्री. वाचा देणारी आणि वेळेवर ती आवरणारी जी देवी, तीस नमन करून लिहिणे ऐसे जे, शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, टोपीकरांचा वकील टामस साहेब बंदराच्या तहासाठी दरबारी आला आणि दिवाण निंबाजीपंत मसुदा वाचू लागले. मसुद्याआधी वंशावळ, वंशावळीआधी बिरुदे, आणि प्रत्येक बिरूद कैसे मिळाले त्याची कथा, ऐसा दिवस कलला आणि बंदराचे नाव अद्याप आले नाही. मग साहेब खुर्चीत चुळबुळला आणि पुटपुटला, "बोअर!"

महाराजांनी दुभाषी गिरमाजी शेणवी यास पुसले, "काय म्हणाला?" गिरमाजी इंग्रजी शिकला तो बंदरावरच्या गोलंदाजांपाशी, आणि त्यांचे मुखी बोअर म्हणजे तोफेच्या नळीची पोकळी. तैसेच त्याने सांगितले. सेनापती शिदोजीराव गरजले, "तहाच्या बैठकीत तोफेचे नाव? ही तर लढाईची धमकी!" आणि बुरुजावरच्या तोफा भरण्याचा हुकूम सुटला. मग महाराज म्हणाले, "गिरमाजी, अर्थ खरा निघाला तर युद्ध. खोटा निघाला तर तुझी जीभ."

गिरमाजीने मनात विचार केला, साहेबास पुसावे, तर तो भयाने काहीही सांगेल. मग हात जोडून बोलिला, "महाराज, पारख करावी. दिवाणजींनी पुन्हा वाचावे आणि साहेबाचा हात कोठे जातो ते सर्वांनी पाहावे. तलवारीकडे गेला तर अर्थ तोफेचा. अन्यत्र गेला तर मी चुकलो, जीभ हाजिर आहे."

दिवाणजी हर्षले. "पहिल्यापासून वाचू ना?"

"अरे देवा," सेनापती कण्हले.

आणि तिसऱ्या बिरुदावर साहेबाचा हात उठला, आणि दरबाराने श्वास रोखला, आणि हात गेला तो तोंडावर, आणि भली मोठी जांभई आली. मग ती सेनापतींस लागली, मग चवरीवाल्यास, मग खुद्द महाराजांस.

"अरे, हा तर कंटाळा!" महाराज बोलिले.

साहेबाने दिवाणजींकडे बोट करून काही सांगितले. गिरमाजी म्हणाला, "महाराज, थोडा भेद आहे. आपला कंटाळा आपोआप येतो. यांचे बोअर कोणीतरी करावे लागते."

"म्हणजे त्यास कर्ता असतो?"

"असतो, महाराज. येथे पंत आहेत."

"मी?" दिवाणजी म्हणाले.

महाराजांनी दीर्घ निःश्वास सोडला. "गादीवर बसलो तेव्हापासून समजत होतो, कारभारात चित्त लागत नाही हा आमचाच दोष. वैद्यांचे कडू काढे प्यालो, नवस बोललो. आज सुटलो! तोफा रित्या करा. गिरमाजी, जीभ तुजपाशीच ठेव."

मग महाराजांनी शब्दाचे मूळ पुसले. साहेब म्हणाला, कोणी म्हणतात सुताराचा सामता जैसा लाकडात सावकाश भोक पाडतो तैसे हे बोलणे कानात भोक पाडते, परंतु पुरावा नाही, आणि आमच्या मुलखातही खात्रीने कोणी सांगत नाही. त्यावर दिवाणजी पुढे झाले, "व्युत्पत्ती आम्ही सविस्तर सांगतो!" हे ऐकताच महाराज आणि साहेब एकदम ओरडले, "शिक्का आणा!" आणि तह न वाचताच झाला.

येणेप्रमाणे युद्ध टळले, दुभाष्याची जीभ राहिली, महाराजांचे काढे बंद झाले. शब्दाचे मूळ तेवढे सापडले नाही. कर्ता सापडला, तेणेच राज्य सुखी झाले.