वानखेडेबाईंचा सिलिंडर

तेलुगू मुलखातल्या मावल्यातील तमाम रहिवाशांस कळविण्यात येते की, वानखेडेबाई येताना दिसल्यास घरातील जड वस्तू ताबडतोब आत हलवाव्यात. नाहीतर बाई त्या उचलून पाहतात. माझ्या दारातलं दहा किलो तांदळाचं पोतं त्यांनी दोन्ही हातांनी तोललं आणि म्हणाल्या, "नऊच भरते." दुकानदाराशी भांडून आलो. खरंच नऊ निघालं.

परवा एका बारशात बायका बाळाचं नाक कोणावर गेलं यावर वाद घालत होत्या. बाईंनी बाळ हातात घेऊन एवढंच जाहीर केलं, "सव्वातीन." विहारात वंदनेला वाकणाऱ्यांनाही त्या सोडत नाहीत. "पाठ सरळ ठेव, मंग वाक."

बाई एकसष्ट वर्षांच्या, अंगानं चिपाड, तहसील कचेरीतून निवृत्त, घरात एकट्या. मागे एकदा गॅसवाल्यानं भरलेला सिलिंडर फाटकातच ठेवला. बाईंना तो हलेना. दोन दिवस चिवड्यावर काढले आणि फोनवर बोलता बोलता मुलाला, सुनीलला, सांगून बसल्या. त्यानं घर विकून बाईंना आपल्याकडे हैदराबादला न्यायचं ठरवलं. बाईंनी कचेरीच्या थाटात तीन महिन्यांची मुदत मागितली. मुदतीत सिलिंडर फाटकातून स्वयंपाकघरात एकटीनं नेला, तर घर राहील. नाहीतर सामान बांधायचं.

दुसऱ्याच दिवशी बाई नऊवारीवर बूट घालून जिममध्ये हजर. तिथला शिकवणारा मल्लेश तेलुगू. त्यानं नुसत्या दांड्यापासून सुरुवात केली. दांडा नडगीला लागून, कंबर मागे, जोर पायांचा. पाच वेळा उचलायचं, थांबायचं, पुन्हा पाच. दर आठवड्याला थोडं वजन वाढवायचं. पाच झाले की मल्लेश ओरडे, "चालु अम्मा, चालु!" तेलुगूत याचा अर्थ पुरे. बाई मराठी अर्थ घेत आणि आठापर्यंत जात. तो जितका घाबरून ओरडे, तितक्या त्या जोरात.

मी म्हटलं, बाई, तीस वर्षं तेलुगू अर्ज वाचलेत तुम्ही.

"कचेरीत येत होती," बाई म्हणाल्या. "जिममधे मले तेलुगू येत नाई."

मुदत संपली त्या रविवारी सुनील आला. पंचनाम्याला शेजारी लागतो म्हणून मलाही बोलावणं होतं. फाटकात भरलेला सिलिंडर, तीसेक किलोचा. बाईंनी पदर खोचला, कंबर मागे नेली आणि उचलला. अंगण पार झालं. पायऱ्या तीन. दुसरीवर त्यांनी सिलिंडर टेकवला. तळवे लुगड्याला पुसले. सुनील पुढे सरकला. त्यांनी नुसतं पाहिलं, तो जागीच थांबला. मग पुन्हा उचलला, आणि एकदम स्वयंपाकघरातच टेकवला.

मी टाळ्या वाजवल्या. सुनीलनं नाही. तो चौकट धरून उभा होता.

"सिलिंडरचं नाई, आई," तो हळूच म्हणाला. "तिथं संध्याकाळी घरी आलो की बोलायले कोणी राहत नाई."

बाई विजयाचं भाषण करायला तोंड उघडून उभ्या होत्या. भाषण राहिलं बाजूला. त्यांनी घामेजल्या हातानं त्याचा कान पकडला आणि माझ्यादेखत बोलून गेल्या,

"मंग हे पयलेच काऊन नाई सांगतलं, येड्या? महिन्यातून आठ दिवस येत जाईन तुयाकडं. बॅग मात्र मीच उचलीन."