दोन जावई, एक कॅमेरा

नात दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने परदेशी शिकायला निघणार होती, आजी पायऱ्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि घरच्या दोन्ही जावयांच्या हातात मिळून एकच कॅमेरा होता. तोही अडकलेला.

थोरले जावई दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याला तासभर ऐकवत बसायची त्यांना सवय होती. कॅमेऱ्यात खरी करामत बॉडीची, हे त्यांचं मत गावातल्या बऱ्याच दाढांनी निमूटपणे ऐकून घेतलेलं होतं. बॉडी चांगली असली की अंधारातसुद्धा माणसाची पापणी न् पापणी दिसते, म्हणून त्यांनी सगळी हौस बॉडीवर केली होती. लेन्स मात्र तिच्यासोबत खोक्यात आली तीच.

धाकटे जावई वकील. बॉडी म्हणजे नुसता डबा, चित्र येतं ते लेन्समधून, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांनी जवळच्या लहान लेन्स विकून टाकल्या आणि पक्षी टिपायची हातभर लांब लेन्स घेतली. तिच्यामागे लावलेली बॉडी इतकी जुनी होती की बटण दाबल्यावर ती आधी थोडा विचार करायची.

गेली कित्येक वर्षं घरात सगळ्यांचा मिळून एक फोटो नव्हता, कारण दोघांपैकी कोणी ना कोणी कॅमेऱ्यामागेच असायचं. आजींना या वेळी सगळे हवे होते. पोरगी जाणार, परत कधी सगळी एकत्र येतील कोणास ठाऊक. धाकट्या लेकीने मोबाइलवर पटकन काढू म्हटलं, तर आजी म्हणाल्या, मोबाइलमधले फोटो मोबाइलमध्येच राहतात, मला भिंतीवर लावायचाय. दोन्ही जावयांनी मोबाइल हा शब्द ऐकूनच तोंड वाकडं केलं होतं.

आता एवढा महत्त्वाचा फोटो, म्हणजे उत्तम बॉडी आणि उत्तम लेन्स एकत्र आल्याच पाहिजेत, यावर दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. कंपन्या वेगळ्या, त्यामुळे एकाची लेन्स दुसऱ्याच्या बॉडीवर बसत नव्हती. वकिलांनी मधे बसवायची एक जोडरिंग पैदा केली. लेन्स टक्क आवाज करून बसली. दोघांनी अभिमानाने एकमेकांकडे पाहिलं. मग इतकी लांब लेन्स घरच्या फोटोला कशाला, हे लक्षात आलं आणि डॉक्टर ती काढायला गेले. ती निघेना.

डॉक्टरांनी हळुवार हाताने हलवून पाहिलं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मग ते पक्कड आणायला उठले, तेव्हा वकिलांनी लेन्स छातीशी धरली. बॉडी तिला जोडलेली आणि डॉक्टर ती सोडेनात, त्यामुळे त्यांनाही वकिलांच्या छातीशी जावं लागलं. त्याच अवस्थेत दोघे अंगणात आले. डॉक्टरांची खोक्यातून आलेली लेन्स वकिलांच्या बॉडीला चालत नव्हती आणि डॉक्टरांच्या बॉडीचं तोंड तर बंदच झालं होतं.

"काढा आता," आजी म्हणाल्या. "ऊन तोंडावर यायला लागलंय."

डॉक्टरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यात फक्त आजींच्या चष्म्याची एक काच मावली. ते मागे सरकत सरकत फाटकाला टेकले, तेव्हा आजींचा सबंध चेहरा आला. फाटक उघडून दोघे रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले. तिथून आजी आणि नात चौकटीत येत होत्या, पण मधे भाजीचा टेम्पो येऊन उभा राहिला. टेम्पोवाल्याला वाटलं, आपलाच फोटो काढतायत. त्याने केसांवरून हात फिरवला आणि तो हलेना.

टेम्पोच्या वरून बघायचं तर उंच जायला हवं, आणि अजून मागेही. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहत होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. दार उघडलं तर दारात दोन घामाघूम गृहस्थ, आणि दोघांच्या चार हातांत तोफेसारखं काहीतरी.

"कोणाच्या घरात डोकावताय?" सिस्टरांनी विचारलं.

"आमच्याच," डॉक्टर म्हणाले.

उत्तर इतकं विचित्र होतं की सिस्टरांना ते खरं वाटलं. त्यांनी दोघांना बाल्कनीत नेलं, कठड्यावर उशी ठेवली आणि कॅमेरा तिच्यावर निजवला. तिथून सगळं कुटुंब अगदी चौकटीत बसत होतं. वकिलांनी बायकोला फोन लावला आणि सूचना सुरू केल्या. ताईंना डावीकडे घ्या. तुमची डावी नाही, आमची डावी. मुलांना पुढे घ्या. डॉक्टर मधेच फोन ओढून उलट्या सूचना देत होते. खाली पायऱ्यांवर मंडळी एकमेकांना धडकत फिरत होती. सिस्टरांनी दोघांना बाजूला सारून स्वतः कॅमेऱ्यातून पाहिलं आणि फोन हातात घेतला.

"खुर्चीतल्या बाईंना आधी पाणी द्या," त्यांनी फर्मावलं. "बाकीचे जिथे आहात तिथेच राहा."

सगळे जागच्या जागी थांबले. आजी पाणी प्यायल्या आणि मग फोनवर आल्या. दोन्ही जावई फोटोत असल्याशिवाय आपण खुर्चीवरून उठणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

आता आली का पंचाईत. शेवटी असं ठरलं की सगळं जुळवून द्यायचं, दोघांनी खाली पळायचं, जागेवर उभं राहून वकिलांनी हात वर करायचा आणि सिस्टरांनी बटण दाबायचं. डॉक्टरांनी कॅमेऱ्यावरचे उजेडाबिजेडाचे सगळे आकडे लावले. ते चपला घालायला वळले तसे वकिलांनी त्यातले दोन बदलले. वकील फोन शोधायला आत गेले तसे डॉक्टरांनी आणखी दोन बदलले. मग दोघे जिना उतरून, टेम्पोला वळसा घालून, धापा टाकत पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले.

"उजेड थोडा जास्त घेतलाय मी," डॉक्टर सहज म्हणाले. "तुमची लेन्स जरा अंधारीच आहे."

"पण तो तर मी आत्ताच कमी करून आलो," वकील म्हणाले.

मग जे सुरू झालं ते ऐकून नातीला हसू आवरेना. आपले बाबा आणि काका घरात असे वाद घालणार आणि उद्यापासून ते आपल्याला ऐकू येणार नाहीत, या विचाराने तिचे डोळेही भरून आले होते, पण हसू त्याहून मोठं होतं. तिचं पाहून तिची आई हसली, मावशी हसली, मुलं तर उड्याच मारायला लागली. आजींनी खुर्चीतूनच दोघांना दटावलं, "पोरगी चाललीय माझी, तुमचे आकडे ठेवा खिशात." त्यांनाही पुढे बोलता येईना, इतक्या त्या हसत होत्या. वकिलांनी न्यायालयात घेतात तशी हरकत घेण्यासाठी हात वर केला.

सिस्टरांनी बटण दाबलं.

फोटो असा आला की पाहणाऱ्याने पाहतच राहावं. आजी मान मागे टाकून हसताहेत, नात त्यांच्या खांद्याला बिलगलीय, डॉक्टरांचं तोंड त्यांच्या पेशंटसारखं सताड उघडं, वकिलांचा हात आभाळाला लागलेला. उजेड तर इतका नेमका की जणू मोजून ओतलाय. नात त्याची एक प्रत सामानात सगळ्यात वर ठेवून गेली. मोठी प्रत आजींच्या भिंतीवर लागली.

कॅमेरा आठवडाभराने दुरुस्तीच्या दुकानात सुटा झाला. तो परत मिळाल्यावर दोघे आधी सिस्टरांकडेच गेले, आभार मानायला. आभार मानून झाले तरी दोघे खुर्चीतून हलेनात. शेवटी डॉक्टरांनी विचारलंच, बटण दाबताना त्यांनी नक्की काय पाहिलं, श्वास रोखला होता का, क्षण कसा ओळखला.

"मी काही पाहिलं नाही बाई," सिस्टर म्हणाल्या. "एवढं मोठं यंत्र, म्हटलं मोठा आवाज होईल. हात वर दिसला तसे मी डोळे गच्च मिटून घेतले."

दोघे जिना उतरले.

पुढच्या रविवारी ते बायकांना घेऊन तळ्यावर गेले. काठावरच्या वाळक्या फांदीवर एक निळा पक्षी येऊन बसला. दोघांनी आपापले कॅमेरे उचलले, रोखले. थोडा वेळ काहीच हालचाल होईना, म्हणून थोरलीने वाकून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग बहिणीला खूण करून तिच्या नवऱ्याकडे पाहायला सांगितलं.

दोघांचेही डोळे गच्च मिटलेले होते. पक्षी केव्हाच उडून गेला होता.